न भरणारी जखम : ‘धोतर कर्करोगा’पासून शरीरातल्या विळ्यांपर्यंत



शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांतून आपण आलात, त्याबद्दल आधी आभार. विषयाचं नाव वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्वचेचा कर्करोग आणि शरीरातली ऊतकं तोडणारे एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्यांना विकर म्हणतात ते. हा काय इतिहासाचा विषय झाला? तर झाला. आम्ही डॉक्टर नाही, विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक आहोत. एखादी गोष्ट माणसाला कधी कळली, कशी कळली, आणि कळूनही ती कुणापर्यंत पोचली नाही, हे शोधणं आमचं काम. आजची गोष्ट त्यातलीच आहे.

सुरुवात कंबरेपासून करू. आपल्या घरात जन्मभर लुगडं नेसलेली आजी असेल, तर तिच्या कंबरेवर, गाठ जिथे बसते तिथे, एक पट्टा दिसतो. कुठे काळपट, कुठे पांढुरका. हात लावला तर कातडी जाड आणि खरखरीत लागते. पुरुषांचंही तसंच. करगोटा लहानपणी कंबरेला बांधला जातो, तो पुढे वर्षानुवर्षं राहतो. रानात जाणारे ठाकूर, कातकरी बांधव कंबरेला दोरीने लाकडी आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवतात. तिथलीही कातडी राठ होते. आपण याकडे कधी बघत नाही, कारण ते दुखत नाही. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत, अंग दिवसभर ओलं असताना, तिथे थोडं खाजतं, चिरतं, खोबरेल लावलं की बरं वाटतं. बहुतेकांचं आयुष्य तेवढ्यावरच निभावतं. पण सगळ्यांचं नाही.

हे पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत कुणी लिहिलं, ते बघू.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि पुढे टाटा ट्रस्टने हे रुग्णालय उभं केलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५ चा, शिक्षण लंडनला, त्याआधी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवलेलं. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडवलं ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं. भारतातल्या या शास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात.

खानोलकरांच्या टेबलावर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या रुग्णांचे तुकडे येत. आता गंमत बघा. त्या काळातल्या इंग्रजी पुस्तकांत त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्या माणसाचा, उन्हाने होणारा, चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर येणारा रोग. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बऱ्यापैकी राखण करतं. मग इथल्या लोकांना कर्करोग होतो तो कुठे? खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले तीन प्रकार मांडले. उलटी विडी, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढला जाणारा चुट्टा, त्यामुळे टाळूला होणारा एक. तंबाखू-चुन्याची खैनी ओठाआड धरून ठेवल्याने होणारा दुसरा. आणि तिसरा कंबरेचा, ज्याला त्यांनी धोतराचं नाव दिलं. धोतराची घट्ट गाठ कंबरेच्या एकाच जागी वर्षानुवर्षं घासते, घाम आणि धूळ तिथेच साचते, कातडीचा रंग जातो, ती जाड होते, चिरते, मग व्रण होतो, आणि काही थोड्या लोकांत त्या व्रणाचा कर्करोग होतो.

यात मोठेपणा कशात होता? रुग्णाच्या शरीरावर खूण कुठे आहे, एवढंच बघून ते थांबले नाहीत. तिथे काय बांधलेलं असतं, हे त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारायची परंपरा जुनी आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा वृषणाच्या कातडीचा कर्करोग काजळीशी जोडला. काश्मीरमध्ये एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ मध्ये कांगडीचा, म्हणजे थंडीत फेरणाखाली धरतात त्या शेगडीच्या चटक्यांचा, पोट-मांडीच्या कर्करोगाशी संबंध सांगितला. त्या आधी, १८२८ मध्ये, मार्जोलँ या फ्रेंच वैद्याने जुन्या व्रणांवर उगवणाऱ्या विचित्र वाढीचं वर्णन करून ठेवलं होतं. तो कर्करोग आहे असं त्याने म्हटलं नव्हतं. ते नंतरच्यांनी ओळखलं, पण नाव त्याचंच राहिलं. जुन्या जखमेत किंवा भाजल्याच्या वणात होणाऱ्या कर्करोगाला आजही ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात.

म्हणजे १९४५ पर्यंत एवढं पक्कं झालं होतं : जी जखम भरत नाही, जिथे चटका, घासणं, चिरणं थांबत नाही, तिथे कर्करोग धरू शकतो. का धरतो आणि धरल्यावर आत कसा घुसतो, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. खानोलकरांसारख्यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा परिणाम दिसायचा. प्रत्यक्ष काम करणारं हत्यार दिसत नव्हतं.

हे हत्यार समजायला कातडीची रचना थोडी बघावी लागेल. आपण भातवाले लोक, तेव्हा खाचराचंच उदाहरण घेऊ. कातडीचा वरचा थर पेशींचा, एकावर एक रचलेला. त्याच्या खाली एक अतिशय पातळ चादर असते, तिला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. आपण तिला बांध म्हणू. बांधाच्या पलीकडे खालचा थर, तो कोलॅजन नावाच्या चिवट दोऱ्यांनी विणलेला. त्यातूनच रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या जातात. वरच्या थरातली पेशी कितीही वेडीवाकडी वाढली, तरी बांधाच्या अलीकडे असेल तोवर ती जागच्या जागी काढून टाकता येते. बांध फुटला, पेशी पलीकडे गेली, की ती लसवाहिनीतून जांघेतल्या गाठींपर्यंत पोचू शकते. विकृतिशास्त्राचा माणूस तुकडा बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो : बांध शाबूत आहे का?

आणि हा बांध, हे कोलॅजन, काही साधं काम नाही. चामडं ज्याच्या जोरावर टिकतं ते हे प्रथिन. प्राण्याच्या शरीरातल्या तापमानाला, शरीरातल्या परिस्थितीत, हे दोरे सरळ कापू शकेल असा प्राण्यांचा स्वतःचा एन्झाइम बरीच वर्षं हाती लागला नव्हता. तो सापडला कुठे? बेडकाच्या पिल्लात.

पहिल्या पावसानंतर आपल्या खाचरात, डबक्यात बेडूकमासे वळवळताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. काही आठवड्यांत त्यांना पाय फुटतात आणि शेपूट नाहीशी होते. ती तुटून पडत नाही, आतल्या आत विरघळते. अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि बेल्जियमहून आलेले शार्ल लापियेर यांनी १९६२ मध्ये नेमका हाच प्रश्न धरला. शेपटीतलं कोलॅजन जातं कुठे? त्यांनी कोलॅजनचा पारदर्शक थर बशीत पसरला, त्यावर जिवंत शेपटीचे बारीक तुकडे ठेवले आणि वाट पाहिली. तुकड्यांच्या भोवतीचा थर वितळून गेला. शेपटीतल्या जिवंत पेशी असं काहीतरी बाहेर सोडत होत्या, जे कोलॅजन कापत होतं. त्याला नाव मिळालं कोलॅजनेज. पुढे असे एन्झाइम माणसातही सापडत गेले. आज माणसाच्या शरीरात या घराण्यातले वीसहून जास्त माहीत आहेत. प्रत्येकाच्या पात्याच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो, म्हणून यांना मेटॅलोप्रोटिनेज म्हणतात. एवढं मोठं नाव सारखं घेत बसण्यापेक्षा आपण त्यांना विळे म्हणू.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे विळे रोगाचे नाहीत, ते आपले आहेत. बाळ आईच्या पोटात घडताना ते लागतात. हाड जुनं काढून नवं घालताना लागतात. आणि जखम भरतानाही लागतात. विळ्याने बोट कापलं, तर जखमेच्या कडेच्या पेशींना आत सरकून भोक बुजवायचं असतं. मेलेलं, फाटलेलं कोलॅजन कापून वाट केल्याशिवाय त्यांना सरकता येत नाही. १९९० च्या दशकात त्वचेवर काम करणाऱ्यांनी दाखवलं, की कडेची पेशी बांधावरून घसरून खालच्या कोलॅजनला टेकली, की विळा उपसते. जखम मिटली, पुन्हा बांध धरला, की म्यान करते. शिवाय या विळ्यांना आवर घालणारी वेगळी प्रथिनंही शरीरात असतात.

म्हणजे चांगल्या जखमेत विळा कामापुरता बाहेर येतो. न भरणाऱ्या जखमेत तो आत जातच नाही. तिथे सूज कायम, येणाऱ्या-जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचे विळे कायम परजलेले. नवी कातडी विणली जाते आणि लगेच कापली जाते. कडेच्या पेशी वर्षानुवर्षं विभागत राहतात. जितक्या वेळा विभागणी, तितक्या वेळा नकलेत चूक होण्याची शक्यता. आणि चुकलेली पेशी जिथे जन्माला येते, तिथे बांध आधीच झिजलेला असतो. हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये कर्करोगाची गाठ आणि न भरणारी जखम यांचं सोयरंच मांडलं. गाठ जखमेचीच यंत्रणा वापरते, फक्त तिचं काम कधी संपत नाही, असा त्याचा मुद्दा होता. खानोलकरांनी कंबरेवर जे डोळ्यांनी पाहिलं, त्याचं हे चाळीस वर्षांनंतर मिळालेलं एक उत्तर.

दरम्यान विळ्यांचा थेट पुरावाही आला. लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उंदरांतल्या गाठींवर दाखवलं, की बांधाचं कोलॅजन कापण्याची ताकद ज्या पेशींत जास्त, त्या शरीरभर जास्त पसरतात. झालं! सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. त्वचेच्या स्क्वेमस कर्करोगात, म्हणजे कंबरेवर होतो त्या जातीत, विळे सापडले. मेलॅनोमात, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगात, सापडले. मग १९९० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगात एक चकित करणारी गोष्ट दाखवली : तिथला एक विळा कर्करोगाची पेशी बनवतच नव्हती, तो शेजारच्या साध्या, निरोगी दिसणाऱ्या पेशी बनवत होत्या. चोराने घरफोडीला शेजाऱ्याचीच पहार मागून आणावी, तसं. त्वचेतही पुढे हेच चित्र दिसत गेलं.

आता जो भाग सांगणार आहोत, तो शास्त्राच्या इतिहासात सहसा थोडक्यात उरकतात, कारण तो अपयशाचा आहे. विळे सापडले, तेव्हा ते बोथट करणारी औषधं बनवायची, हे ओघानेच आलं. १९९० च्या दशकात बॅटिमास्टॅट, मग गोळीच्या रूपात मॅरिमास्टॅट आणि त्यांच्यासारखी इतर औषधं आली. उंदरांत छान चालली. कर्करोग झालेल्या हजारो माणसांवर चाचण्या झाल्या, आणि एकामागून एक फसल्या. मॅरिमास्टॅट घेणाऱ्यांचे खांदे, हातांचे सांधे आखडून दुखू लागले, कारण शरीराच्या रोजच्या डागडुजीचे विळेही बोथट झाले होते. दुसऱ्या एका कंपनीच्या औषधाची फुप्फुसाच्या कर्करोगावरची चाचणी १९९९ मध्ये थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा लवकर बिघडत होती.

का झालं असं? एक कारण वेळेचं. या चाचण्या बहुतेक अशा रुग्णांवर झाल्या, ज्यांचा रोग आधीच पसरलेला होता. बांध फुटून पाणी शिवारभर गेल्यावर बांधाची राखण करून उपयोग काय? दुसरं कारण जास्त खोल होतं. सगळे विळे चोराचे नव्हते. स्पेनमधल्या ओव्हिएदो विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये उंदरांतला एक विशिष्ट विळा, पांढऱ्या पेशींचा, आठव्या क्रमांकाचा, काढून टाकला. अपेक्षा काय असणार? कर्करोग कमी होईल. पण नर उंदरांत त्वचेच्या गाठी वाढल्या! तो विळा त्वचेची राखण करत होता. आम्हाला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. जे जे कापतं ते ते वाईट, असं शरीरात नसतं. कोण कापतं, कधी कापतं आणि कुठे थांबतं, यावर सगळं आहे.

मंडळी, इथे आपल्याला एक वळण घ्यायचं आहे, आणि ते आपल्या दोन तालुक्यांच्या अगदी ओळखीचं आहे. पावसाळ्यात गवतात, बांधावर, लाकडाच्या मोळीखाली पाय पडतो तो घोणशीवर किंवा फुरशावर. या दोघांचा दंश झालेला पाय ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाय सुजतो, फोड येतात, कातडी काळी पडते, मांस झडतं. हे कोण करतं? त्यांच्या विषातले एन्झाइम. आणि त्यातला एक मोठा गट म्हणजे जस्ताच्या पात्याचे विळेच, आपल्या विळ्यांचे लांबचे भाऊबंद. आपल्या शरीरात ज्याला आवर आहे ते हत्यार सापाने विषात बेलगाम करून ठेवलंय, असं म्हणा. परळलाच, टाटा रुग्णालयाच्या परिसरात, हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या प्रतिसर्पविषावर काम झालं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी आपल्याकडची लस आजही जीव वाचवते, आणि साप चावला तर दुसरं काहीही न करता तिच्यासाठीच दवाखाना गाठायचा. पण दंशाच्या जागी जे मांस आधीच झडलंय, ते ती परत आणू शकत नाही.

आणि आता मॅरिमास्टॅट आठवा, कर्करोगात फसलेलं ते औषध. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी ते कपाटातून बाहेर काढलं. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं, की ते वॅरेस्प्लॅडिब या दुसऱ्या औषधाबरोबर दिलं, तर उंदीर वेगवेगळ्या विषारी सापांच्या विषातून वाचतात. फुरसं आणि घोणस यांची विषंही त्यात होती. हे उंदरांत, बरं का. उद्या कुणी साप चावल्यावर ही गोळी मागू नये. पण इतिहास म्हणून बघा : महिनोन्‌महिने घ्यावं लागल्याने जे औषध सांधे आखडवत होतं, ते काही दिवसांपुरतं, ऐन वेळी, सापाच्या विळ्याविरुद्ध कामाला येण्याची आशा आहे. इथेही मुद्दा वेळेचाच.

सापाचं वळण आम्ही आणखी एका कारणाने घेतलं. दंशाने झडलेला पाय नीट भरला नाही, तर तिथे वर्षानुवर्षं व्रण राहतो. राब भाजताना, वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर भाजलेल्या जागी वण राहतो, तो गुडघ्या-घोट्याच्या वळणावर असेल तर पुनःपुन्हा फाटतो. भाजल्याच्या जुन्या वणांपैकी शंभरात साधारण एक-दोन ठिकाणी पुढे कर्करोग होतो असा अंदाज सांगितला जातो, आणि मध्ये सरासरी तीसेक वर्षं गेलेली असतात. घाबरून जावं एवढा हा आकडा नाही. पण भट्टीवर दहाव्या वर्षी भाजलेलं पोर चाळिशीत येतं, तेव्हा त्या वणाकडे बघायला हवं, एवढं तो नक्की सांगतो.

आता परत कंबरेकडे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन रुग्णांचा वृत्तान्त आला. लिहिणारे डॉक्टर आपल्या वर्ध्याचे आणि बिहारमधल्या मधुबनीचे. दोघीही उतारवयातल्या बायका. एकीला परकराच्या घट्ट नाडीच्या जागी दीड वर्ष व्रण होता. दुसरी परकर न घालता, कंबरेला घट्ट आवळून, चाळीस वर्षं लुगडं नेसत आलेली, तिचा व्रण दोन वर्षांचा. दोन्ही व्रणांत मार्जोलिन अल्सर, म्हणजे कर्करोग निघाला. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी नवलाची म्हणून छापली. आम्ही ती वाचली तेव्हा आम्हाला १९४५ आठवलं. मधली वर्षं मोजा. एकोणऐंशी. या एकोणऐंशी वर्षांत माणसाने बेडूकमाशाच्या शेपटीतून विळा शोधला, त्याच्या पात्यातला जस्ताचा अणू पाहिला, तो बोथट करायच्या गोळ्या केल्या, त्या फसल्या, त्या सापाच्या विषावर लावून पाहिल्या. रेणूचं ज्ञान जगभर फिरलं. पण ‘गाठ सैल बांधा, आणि तिथला व्रण भरत नसेल तर दाखवा’ हे साधं ज्ञान गाठ बांधणाऱ्या बाईपर्यंत आलं नाही. तानसा आणि भातसाचं पाणी इथून रोज मुंबईला जातं, परळच्या नळांनाही येतं. परळात १९४५ साली कळलेली गोष्ट उलट्या दिशेने, आसनगावच्या लोकलने दोन-अडीच तासांवर, यायला इतका वेळ का लागावा? यात कुणा एका संस्थेला दोष देऊन भागत नाही. इतिहास लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचाही त्यात वाटा आहे. आम्ही शोधांची पुस्तकं लिहितो, ती ज्यांच्या कामाची त्यांच्यासमोर वाचत नाही. म्हणून आज इथे आलो.

तेव्हा जाताना चार गोष्टी घरी घेऊन जा. त्या डॉक्टर मंडळी सांगतात त्याच आहेत, आम्ही फक्त निरोप्ये.

एक. लुगडं, साडी, धोतर यांत दोष नाही. दोष एकाच जागी रोज आवळणाऱ्या गाठीत आहे. नाडी रुंद घ्या, गाठ सैल ठेवा, तिची जागा बदलत राहा, करगोटा कातडीत रुतत असेल तर ढिला करा. घाम आलेली जागा धुऊन कोरडी करा.

दोन. कुठलाही व्रण, कंबरेचा, सापाचा, भाजल्याचा, चार-सहा आठवड्यांत भरायला लागला नाही, तर तो दाखवायचा. जुना व्रण असेल आणि त्याची कड उचलल्यासारखी झाली, रक्त येऊ लागलं, वास येऊ लागला, दुखणं बदललं, जांघेत गाठ लागली, तर एक दिवसही थांबायचं नाही. आपण अनवाणी चालणारी, चिखलात राबणारी माणसं, तेव्हा तळपायावर नवा, वाढणारा काळा डाग दिसला, तर तोही दाखवायचा. काळ्या-सावळ्या लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तिथेच येतो.

तीन. डॉक्टर तुकडा काढून तपासायचं म्हणाले, तर घाबरू नका. सुरी लावली की रोग पसरतो, असं गावोगावी ऐकायला मिळतं. आजचं सगळं ऐकल्यावर आपणच विचार करा. पसरवणारे विळे आत आधीच चालू असतात. तुकडा काढतात तो बांध फुटलाय की नाही ते बघण्यासाठी. ते कळायला दुसरा मार्ग नाही.

चार. ही जागा लपलेली असते. सत्तरीची बाई आपली कंबर कुणाला दाखवणार? ते काम घरातल्या लेकीसुनांचं, आणि आपल्या आशाताईंचं. न्हाऊ घालताना, कपडे बदलताना नुसतं विचारायचं : आजी, गाठीपाशी काही दुखतं का गं?

खानोलकरांनी १९४५ मध्ये तरी वेगळं काय केलं होतं? गाठ कुठे बसते, हेच विचारलं होतं. पुढची सगळी वर्षं आपण त्या प्रश्नाच्या आत आत शिरत, रेणूपर्यंत जाऊन पोचलो. ते व्हायलाच हवं होतं. पण तो प्रश्न आधी घरातल्या घरात विचारला, तर बांध फुटायच्या आत उत्तर मिळतं.

 प्रश्न असतील तर आता घेऊ, आणि कुणाला सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, तर नंतर बाहेर आम्ही आहोतच.